पहिलं विमान: खोक्यातलं, घरी कापलेलं की बाल्साचं?

भाच्याने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर तीन फोटो टाकले. एक खोक्यात जवळपास तयार येणारं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान. दुसरं, फोमच्या शीटवर कागदी नकाशा चिकटवून घरी कापायचं. तिसरं लेझरने कापलेल्या बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, पट्ट्यांचं किट. खाली लिहिलं होतं, ‘मामा, पहिला पगार आला. कुठलं घेऊ?’ तो डिचोलीला, मी फोंड्याला. फोनवर तासभर बोललो तरी अर्धं राहिलंच, म्हणून लिहून काढतोय. गोव्यात राहून रेडिओ कंट्रोल विमानांच्या नादाला लागणाऱ्या कुणालाही हे चालेल. पुण्याच्या माणसाने मात्र निम्मं सोडून द्यावं. त्याच्याकडे ना खारा वारा, ना माड.

माझा कल आधीच सांगून टाकतो. माझं पहिलं विमान बाल्साचं होतं. एका पावसाळ्यात खपून बांधलं, दिवाळीनंतर उडवलं, आणि चौथ्या उड्डाणात ते माझ्याकडे तोंड करून येत असताना मी डावीकडचं उजवीकडे वळवलं. विमान समोरून येताना हात उलटे पडतात, हे तेव्हा फक्त वाचून माहीत होतं. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, जांभ्यावर त्याचं जे झालं ते पिशवीत भरून घरी आणलं.

तिन्ही विमानं उडतात. पंख वर, पंखांची टोकं किंचित उचललेली, पंखाचं पोट सपाट, अशी ट्रेनरची ठरलेली ठेवण तिघांचीही आहे. वेग राखून स्टिक सोडली की विमान बरंचसं आपणहून सरळ होतं. म्हणून कुठलं जास्त छान उडतं याची चर्चा पहिल्या वर्षी करू नये. पहिल्या वर्षी विमान पडतं, आणि पडलेलं विमान पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उभं असेल का, एवढंच मी बघतो.

पडल्यावर

खोक्यातलं विमान बहुतेक वेळा ईपीओ नावाच्या फोमचं असतं. नाक चेपलं तर त्यावर उकळतं पाणी हळूहळू ओतावं. दाणे पुन्हा फुगतात आणि नाक पुष्कळसं जागेवर येतं. बॅटरी, मोटर, सर्वो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आधी काढून ठेवायचे, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण मी एकदा विसरलोय. तुटलेला पंख सायनोने चिकटतो. सायनो म्हणजे आपल्या फेविक्विकच्या जातीचा गोंद. ईपीओला तो सहसा चालतो, थर्माकोल आणि डेप्रॉनला (पातळ फोमच्या शीटला) मात्र खातो. भोक पडून वितळत जातं. म्हणून आतल्या, न दिसणाऱ्या जागी थेंब टाकून बघावा.

इथवर खोक्यातलं विमान पास. त्याचं दुखणं फोममध्ये नसून प्लास्टिकच्या बारीकसारीक तुकड्यांत असतं. मोटर धरणारी चकती, चाकांच्या तारेचा सांधा, पंख अडकवायची खाच, हे सगळं त्या एका कंपनीच्या त्या एका मॉडेलचं. ते मोडलं की मागवायचं, आणि ते मॉडेल बंद झालं असेल तर विमान शोकेसमध्ये. छंदाचं दुकान आपल्याकडे कोपऱ्यावर नाही. जवळजवळ सगळं कुरियरने येतं. माझं एक विमान तीन महिने एका चकतीसाठी कपाटावर बसून होतं. त्या दुकानदाराने ‘दोन दिवसांत पाठवतो’ हे वाक्य किती वेळा ऐकवलं ते मोजायचं मी सोडून दिलं.

घरी कापलेल्या विमानात असा एकही भाग नसतो जो तुमच्या हातून गेलेला नाही. नाक फुटलं तर त्याच नकाशावरून नवं कापा. पंखात चीर गेली तर आत बांबूची काडी सरकवा, ग्लू गनचा गोंद, वरून टेप. मोटर प्लायवुडच्या तुकड्यावर आणि तो तुकडा रबर बँडने किंवा झिप टायने धडाला बांधलेला असला की आपटल्यावर तो निसटतो, मोडत नाही. एवढंच करा, मोटरवरच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) एक जादा पातं खिशात ठेवा, आणि अर्ध्या तासात मैदानातच विमान पुन्हा वर. ग्लू गनच्या गोंदाचा एक दोष: मे महिन्यात बंद गाडीत विमान ठेवलं तर सांधे सैल होतात. एकदा पंख मागच्या सीटवर आणि शेपूट डिकीत सापडली.

बाल्साची दुरुस्ती ही वेगळीच गोष्ट आहे, आणि मला ती आवडते. मोडलेल्या पट्टीची दोन टोकं तिरकी कापायची, म्हणजे गोंदाला जास्त लांबी मिळते. फेविकॉल, टाचण्या, रात्रभर वजन. मग सँडपेपर. मग वरची फिल्म थोडी मोठी कापून छोट्या इस्त्रीने बसवायची. उष्णतेने ती आक्रसून ढोलासारखी ताणली जाते. पट्टी नीट जोडली तर सांधा मूळ लाकडापेक्षा मजबूत होतो. पण हे एका मोडलेल्या बरगडीचं झालं. विमान उंचावरून नाकावर आलं तर बरगड्या, कणा, मोटरची भिंत सगळं एकदम जातं, आणि तेव्हा दुरुस्ती आणि नवं बांधणं यांत फारसं अंतर उरत नाही. नवशिक्याचं विमान नाकावरच येतं.

शिवाय आपली जमीन. जांभ्याचा सडा लांबून हिरवळीसारखा दिसतो, जवळ गेलं की दगडाला धार. चाकांवर उतरवायला जाल तर चाकंच जातील. मी पहिल्या विमानाला चाकं लावूच देत नाही. हाताने फेकायचं, पोटावर उतरवायचं, आणि पोटाला टेपचे दोन थर. नोव्हेंबरनंतर कापणी झालेलं मोरड, म्हणजे पावसावरचं उंच, शेत मिळालं तर त्याच्यासारखं मैदान नाही. मात्र जिथे वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, तयारी चाललीय तिथे पाय ठेवू नये. सडे पुष्कळदा कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेचे, शेतं कुणाची ना कुणाची; आधी विचारावं. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट दोघा-तिघांनी मुलांना बघायला आणलं.

माडाचंही सांगून टाकतो. विमान चुडतांत (झावळ्यांत) अडकलं की पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, बोलवावं लागतं, आणि त्याच्या दृष्टीने विमान आणि नारळ यांत फरक नसतो. तो दोन्ही सारख्याच भावनेने खाली टाकतो. फोमचं विमान यातून वाचतं. बाल्साचं मी तरी वाचलेलं पाहिलेलं नाही.

जून ते सप्टेंबर

इथे तुलना सगळ्यात एकतर्फी आहे. आपल्याकडे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने कपाटातले पट्टेसुद्धा बुरसतात. बाल्सा हे जगातल्या सर्वांत हलक्या व्यापारी लाकडांपैकी एक. मोठा पुरवठा इक्वेडोरमधून होतो, आणि त्याचा हलकेपणा म्हणजेच आतली पोकळी. ती ओल ओढून घेते. पातळ फळ्या वाकतात, फिल्म सुरकुतते, आणि तयार पंखाला पीळ बसला की विमान एका बाजूला कलतं. सुरकुती इस्त्रीने जाते. पीळ काढायचा तर पंख उलट बाजूला पिळून धरायचा आणि तसा धरूनच फिल्म पुन्हा तापवायची. दोन माणसांचं काम. माझ्याकडे दुसरा माणूस म्हणजे बायको, आणि तिच्या संयमालाही मर्यादा आहे.

गंमत अशी की बांधायला वेळ मिळतो तोही पावसाळ्यातच. म्हणून बाल्सा घेणाऱ्याने थोडी व्यवस्था करावी. आमच्या जुन्या घराचं एक सागवानी दार मी टेबल म्हणून वापरतो. ते शंभरेक पावसाळे बघून सरळ राहिलंय, अजून काय हवं! वर सॉफ्टबोर्ड, म्हणजे टाचण्या रुततात. अर्धवट पंख सपाट ठेवून वर वजन, आणि कपाटात एक छोटा दिवा रात्रंदिवस. सायनो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत तो फार झटपट पकडतो आणि आजूबाजूला पांढरी राख बसल्यासारखा डाग पडतो. फेविकॉलचं उलट, सुकता सुकत नाही. सायनोची बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बरणीत ठेवावी, नाहीतर दुसऱ्या महिन्यात बाटलीचाच दगड.

फोम पाणी पीत नाही. अपवाद एकच: दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फोमबोर्ड. त्याचा कागद ओलीत सुटतो, पंख मऊ पडतो. घरी कापणाऱ्याने एक तर कागद सोलून टाकावा, किंवा कापण्याआधी दोन्ही बाजूंना पारदर्शक पॅकिंग टेप ओढावी. २०२२ च्या बंदीपर्यंत चवथीनंतर मखराचं थर्माकोल फुकट मिळायचं, त्याचा मोह मला दर वर्षी व्हायचा. पण ते ठिसूळ असतं. गरम तारेने कापून पंखाचा गाभा करायला बरं, नुसतं त्याचंच विमान करायला नाही.

खारा वारा मात्र तिघांनाही सारखाच. मोटरच्या बेअरिंगला गंज, कनेक्टरवर हिरवट थर. महिन्यातून एकदा बेअरिंगला हलक्या तेलाचा थेंब द्या. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या पावसाळ्यात पूर्ण भरून ठेवू नयेत. एका सेलला पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतात. ठेवायच्या तर ३.८ च्या आसपास आणून ठेवाव्यात. भरलेल्या ठेवल्या तर चवथीपर्यंत फुगलेल्या सापडतात. चार्ज करताना बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवायची आणि खोलीतून उठून जायचं नाही. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आणि त्या चार महिन्यांत विमान उडवायचं तेच ट्रान्समीटर (हातातला रिमोट) तारेने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर हात बसवावा. समोरून येणाऱ्या विमानाचा माझा गोंधळ तिथेच सुटला, बाल्साचा बळी गेल्यानंतर.

शिकायला काय मिळतं

खोक्यातलं विमान उडवायला शिकवतं, बस्स. त्यात वाईट काही नाही; ज्याला फक्त आकाशात राहायचंय त्याने तेच घ्यावं. काही मॉडेलांत आपोआप सरळ करणारा जायरो असतो. पहिले दहा दिवस तो चालू ठेवा, मग हळूहळू बंद करा, नाहीतर उडवतोय कोण हा प्रश्न उरतो.

घरी कापणाऱ्याला विमान का उडतं ते हाताला कळतं. उदाहरणार्थ तोल. पंखाची पुढून मागची रुंदी २० सेंटीमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साधारण ५ ते ६.५ सेंटीमीटरवर दोन बोटांवर विमान आडवं राहायला हवं. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. खोक्यातल्यात बॅटरीची जागा आखून दिलेली असते, म्हणून हा धडा मिळत नाही, आणि दुरुस्तीनंतर मागे चार टेप जादा लागल्या की विमान का उसळतंय ते कळत नाही. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी, कोणत्या बाजूला हलायला हवा, मोटरचा अक्ष किंचित उजवीकडे का कललेला असतो, हे सगळं स्वतः कापताना, चुकताना समजतं.

बाल्सा सुतारकाम शिकवतो. एनसीसीच्या एअर विंगमधून आलेल्या लोकांना ही चटक तिथेच लागलेली असते. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात. संध्याकाळच्या उन्हात फिल्ममधून बरगड्या दिसतात ना, ते दृश्य फोमला जन्मात जमणार नाही. पण हा आनंद हात बसल्यानंतरचा आहे.

भाच्याच्या मनात खरं म्हणजे चौथंच काहीतरी होतं. लहानपणी त्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात नेलं होतं. दाबोळी विमानतळावरून नौदलाची सी हॅरियर जेटं २०१६ पर्यंत उडत होती आणि त्या आवाजाने आमची जेवणाची बोलणी थांबायची. त्याला तसं जेट हवंय. फोमची डक्टेड फॅनवाली (नळीतल्या पंख्यावर चालणारी) जेटं मिळतातही. पण ती वेगाने उतरतात, बॅटरी काही मिनिटांत पितात आणि हात थरथरला तर क्षमा करत नाहीत. तिसरं विमान म्हणून ठीक.

मोटर की ग्लो इंजिन

हे थोडक्यात, कारण नवशिक्यासाठी माझ्या मते हा वाद विजेच्या मोटरच्या बाजूने मिटलेला आहे. सव्वा मीटर पंखाच्या फोम ट्रेनरला २२१२ आकाराची, हजार केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) आसपासची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), चार ९ ग्रॅमचे सर्वो आणि तीन सेलची २२०० एमएएचची लिपो पुरते. सांभाळून उडवलं तर आठ-दहा मिनिटं. शेवटचा पाचवा हिस्सा बॅटरीत ठेवून उतरायचं.

ग्लो इंजिनाचा, म्हणजे इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा, आवाज आणि एरंडेलाचा वास ज्याने घेतलाय त्याला मी काय सांगणार! पण त्याचं इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि तेल. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्या हवेत अर्धी रिकामी बाटली महिनाभर ठेवली की इंजिन रुसतं, आणि ती ओल आतल्या बेअरिंगलाही गंज चढवते. म्हणून दर वेळी इंधन पूर्ण जाळून टाकायचं, आत तेल सोडायचं. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही, हाही धोका. ते कुरियरने सहजी येत नाही. आणि रविवारी सकाळी सात वाजता गावाजवळ तो आवाज केला की मैदान हातचं गेलंच समजा. मोटरचा आवाज पलीकडच्या वाड्यापर्यंतही जात नाही.

वजन, नियम आणि वेळ

२०२१ च्या ड्रोन नियमांत आपली विमानंही येतात. २५ किलोपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात, मौजेसाठी किंवा शिकण्यासाठी उडवलेलं ते मॉडेल. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंत व्यावसायिक हेतू नसेल तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. दोन किलोच्या वर ही सवलत नाही. आता बघा: फोमची पहिली दोन्ही विमानं किलोभराची असतात, पण ४० आकाराच्या ग्लो इंजिनाचं जुन्या धाटणीचं बाल्सा ट्रेनर सहज दोन किलोच्या पुढे जातं. खरेदी करताना हे कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे आपल्या एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ. दाबोळी तर नौदलाचा तळ, आणि मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्याच्या बाहेरच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा. ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. वास्को, चिखली, पेडणे इथल्यांनी सरळ विमानतळापासून लांब सरकावं. डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे या बाजूला जागा मोकळी आहे, तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा दर वेळी उघडून बघावा, कारण लाल-पिवळे (बंदीचे आणि परवानगीचे) पट्टे बदलतात.

उडवायची वेळ सकाळची, नऊच्या आत. अकरापर्यंत समुद्रावरून वारा सुटतो आणि किलोभराचं फोम मग जागच्या जागी उभं राहतं किंवा मागे जातं. जड बाल्सा अशा वाऱ्यात फोमपेक्षा नीट चालतो, त्याची ही एक बाजू मान्य. ब्राह्मणी घारी जवळ घिरट्या घालू लागल्या की मी उतरवतो. त्यांचं आकाश आहे ते.

पैसे

ट्रान्समीटर, रिसीव्हर, चार्जर आणि दोन बॅटऱ्या हा खर्च तिन्हीकडे सारखा आणि बराचसा एकदाच. त्यात काटकसर करू नये. सहा चॅनेलचं चांगलं ट्रान्समीटर पुढच्या पाच-सात विमानांना चालतं. खोक्यासोबत येणारं स्वस्त ट्रान्समीटर मात्र बहुधा त्या एकाच विमानाचं. विमानाचा सांगाडा म्हणाल तर एका बाल्सा किटच्या पैशात मी फोमची चार विमानं कापली आहेत, आणि मोटर-सर्वो एकाचे काढून दुसऱ्याला लावले आहेत.

तर भाच्याला मी सांगितलं: घरी काप. कापायला खरोखरच वेळ नसेल, नोकरी नवी आहे, तर खोक्यातलं घे, पण मोटर-सर्वो सुटे, कुठल्याही विमानाला बसणारे असतील असंच बघ, आणि रिसीव्हर तुझ्या स्वतःच्या ट्रान्समीटरचा. बाल्सा नको. एवढ्यात नको.

त्याने नकाशा छापून आणला. परवा ताईचा फोन, भातात फोमचे पांढरे दाणे सापडतायत म्हणून. मागून तोच ओरडला, ‘मामा, मग बाल्साचं कधी?’ म्हटलं, दोन फोमची मोडून झाली की ये. माझ्याकडे माळ्यावर एक किट चार वर्षं पडून आहे. फळ्या वाकल्या नसल्या म्हणजे मिळवली.